टीव्हीमागची एलईडी पट्टी अंधाऱ्या दृश्यात लुकलुकते आणि कूलर लावला की गोठते : मदत हवी आहे

काळी_माती
१८ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात आहे. घरच्या ४३ इंची टीव्हीमागे मी स्वतः एलईडी पट्टी बसवली आहे. पडद्याच्या कडेला ज्या क्षणी जो रंग असेल, तोच रंग मागच्या भिंतीवर पडावा, अशी ही रचना आहे. फिलिप्सने २००४ साली अ‍ॅम्बिलाइट या नावाने ही सोय टीव्हीतच दिली होती. मी तीच घरगुती सामानातून उभी करू पाहतो आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना अंधाऱ्या खोलीत पडद्याचा झगझगाट सहन होत नाही आणि खोलीतला दिवा लावला की त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते, म्हणून हा खटाटोप केला.

जोडणी पुढीलप्रमाणे आहे. डिशच्या सेट-टॉप बॉक्समधून निघालेली एचडीएमआय केबल स्प्लिटरमध्ये जाते. तिथून एक केबल टीव्हीला आणि दुसरी यूएसबी कॅप्चर कार्डमार्गे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जाते. पायवर हायपेरियन हा प्रोग्राम चालतो, तो कडेचे रंग काढून यूएसबी केबलनेच नोडएमसीयूला, म्हणजे ईएसपी८२६६ च्या बोर्डाला पाठवते. त्या बोर्डात पट्टीचे दिवे चालवणारा डब्ल्यूएलईडी हा प्रोग्राम टाकला आहे. पट्टी डब्ल्यूएस२८१२बी जातीची असून मीटरला ६० दिवे आहेत. वरची व खालची बाजू ५४-५४ आणि उभ्या बाजू ३०-३० असे एकूण १६८ दिवे होतात. पुरवठ्यासाठी ५ व्होल्ट, १० अँपिअरचा जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस, म्हणजे मेनच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारा डबा आहे.

अडचणी तीन आहेत. संपूर्ण पांढरा रंग लावला की पट्टीचा शेवटचा भाग पिवळट, जवळजवळ भगवा दिसतो. रात्रीच्या, काळोख्या दृश्यांत मध्येच हिरवे-निळे ठिपके चमकून जातात. नवल असे की पूर्ण पांढऱ्या उजेडात मात्र एकही ठिपका चमकत नाही. आणि तिसरे म्हणजे, कूलर सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पट्टी आहे त्या रंगावर गोठून राहते आणि नोडएमसीयूची यूएसबी काढून पुन्हा लावावी लागते. प्रोग्राम दोनदा नव्याने टाकून पाहिला, फरक पडला नाही.


परतवाडा_रेडिओ
१८ एप्रिल, रात्री ११.०५

तुम्ही लक्षणे नीट वेगळी करून लिहिलीत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. या तिन्ही अडचणींचे मूळ एकच असेल असे मला वाटत नाही, म्हणून त्या एकेक करून घेऊ.

पिवळेपणाचे कारण पट्टीतील तांब्यात आहे. पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे १६८ दिवे मिळून १० अँपिअर मागतात. एवढा प्रवाह त्या कागदासारख्या पातळ पट्टीच्या एकाच टोकातून ढकलला तर दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज पडणारच. लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. त्यामुळे व्होल्टेज पडले की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि पांढऱ्यातून पिवळे-भगवे शिल्लक राहते. शेताच्या टोकाच्या पंपाला व्होल्टेज पुरत नाही, तोच हा प्रकार आहे. पूर्ण पांढरा रंग लावून तीन ठिकाणी मल्टीमीटरने मोजा: एसएमपीएसच्या स्क्रूवर, पहिल्या दिव्यावर आणि शेवटच्या दिव्यावर. आकडे इथे द्या.


काळी_माती
१९ एप्रिल, रात्री ८.१५

मोजले. एसएमपीएसवर ५.०२, पहिल्या दिव्यावर ४.५५ आणि शेवटच्या दिव्यावर ३.६ व्होल्ट आले. एसएमपीएसपासून पट्टीपर्यंत मी जुन्या स्पीकरची बारीक वायर वापरली होती, तिच्यातच अर्धा व्होल्ट जातो हे आकडा पाहिल्यावर लक्षात आले.


परतवाडा_रेडिओ
१९ एप्रिल, रात्री ८.५०

ती वायर काढून टाका आणि १.५ चौरस मिलिमीटरची, घरगुती फिटिंगची तांब्याची वायर घ्या. पट्टीला पुरवठा सुरुवातीला, शेवटी आणि शक्य असल्यास समोरच्या कोपऱ्यातही द्या. सर्व वायरी एकाच एसएमपीएसमधून निघू द्या आणि ऋण वायर प्रत्येक ठिकाणी धनाइतकीच जाड ठेवा. पुष्कळ जण धन वायर जाड घेतात आणि ऋण बारीक ठेवतात, मग निम्मे काम वाया जाते. डब्ल्यूएलईडीमध्ये प्रवाहाची मर्यादा ठरवता येते, ती ८००० मिलिअँपिअर ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टीव्हीमागे कोंडलेल्या एसएमपीएसला पूर्ण १० अँपिअरवर चालवणे योग्य नाही.


काळी_माती
२१ एप्रिल, रात्री ९.३०

दोन संध्याकाळी यातच गेल्या. पट्टीवरचे तांब्याचे ठिपके जेमतेम मुगाच्या दाण्याएवढे, त्यामुळे एवढी जाड वायर थेट त्यांवर डाग देताना ठिपकाच उखडून येऊ लागला. शेवटी जाड वायर कोपऱ्यापर्यंत आणली आणि तिथून बोटभर लांबीचे बारीक तुकडे पट्टीला जोडले. आता पूर्ण पांढऱ्यात पहिल्या दिव्यावर ४.९५ आणि शेवटच्या दिव्यावर ४.८२ व्होल्ट येतात. पिवळेपणा पूर्ण गेला, त्याबद्दल मनापासून आभार.

परंतु लुकलुकणे कमी होण्याऐवजी वाढले आहे. पूर्वी ते फक्त काळोख्या दृश्यांत होते, आता उजेडाच्या दृश्यांतही ठिपके चमकतात. पुरवठा सुधारल्यावर दोष वाढावा, याचा अर्थ मला लागत नाही. हातून कुठे डाग कच्चा राहिला असेल का?


काटोलची_ताई
२१ एप्रिल, रात्री १०.१०

दादा, माझ्याकडे असे झाले होते तेव्हा एका कोपऱ्यात डेटाची वायर उलट्या टोकाला लागली होती. पट्टीवरचे बाण एकाच दिशेने जातात का, आणि नोडएमसीयूचे ग्राउंड पट्टीच्या ऋणाला थेट जोडलेले आहे का, एवढे तपासून पाहा.


परतवाडा_रेडिओ
२१ एप्रिल, रात्री १०.४५

ताईंनी सांगितलेले तपासून घ्याच. मात्र बाण उलटा असता तर त्या दिव्याच्या पुढचे सर्व दिवे कायमचे बंद राहिले असते. इथे दिवे चालतात आणि मधूनच चुकतात. पुरवठा सुधारल्यावर दोष वाढला, या तुमच्या वाक्यातच उत्तर आहे असे मला वाटते.

ही पट्टी एकाच डेटा वायरीवर चालते. प्रत्येक दिवा आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले ताजे करून पुढच्या दिव्याला देतो. आलेला संकेत 'एक' आहे असे मानण्यासाठी, माहितीपत्रकाप्रमाणे, त्या दिव्याला स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज डेटा वायरीवर दिसावे लागते. ५ व्होल्टला ही मर्यादा ३.५ होते. नोडएमसीयू देतो ३.३ व्होल्ट. म्हणजे तुमची जोडणी पहिल्या दिवसापासून काठावर उभी होती. बारीक वायरीमुळे उजेडाच्या दृश्यात पहिल्या दिव्यावर ४.५५ व्होल्ट राहत, तेव्हा मर्यादा ३.२ वर येई आणि ३.३ चा संकेत चालून जाई. अंधाऱ्या दृश्यात प्रवाह कमी, व्होल्टेज पुन्हा ५ जवळ, म्हणून तेव्हाच ठिपके दिसत. आता तुम्ही पुरवठा पक्का केलात, तेव्हा मर्यादा कायमच साडेतीनजवळ राहते. तुमचा डाग कच्चा नाही. एका दोषाने दुसरा दोष झाकून धरला होता, तो उघडा पडला इतकेच.

याचा रीतसर उपाय म्हणजे ७४एएचसीटी१२५ ही चिप, ती ३.३ चा संकेत ५ व्होल्टचा करून देते. नागपूरला सीताबर्डीत चक्कर झाली तर विचारून पाहा. तोपर्यंत घरातल्या सामानातून करता येण्याजोगा एक उपाय आहे. पट्टीचा पहिला दिवा कापून वेगळा करा, त्याचे ग्राउंड आणि डेटा पुढच्या तुकड्याला वायरीने पुन्हा जोडा, पण धन पुरवठा मात्र १एन४००७ डायोडमधून द्या. डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे पहिल्या दिव्यावर सुमारे ४.३ व्होल्ट येतात आणि त्याची मर्यादा ३ च्या जवळ उतरते. ३.३ चा संकेत त्याला स्पष्ट कळतो, आणि तो पुढच्या दिव्याला स्वतःच्या ४.३ व्होल्टने संकेत देतो, जो साडेतीनच्या बराच वर आहे. डेटा वायर शक्य तितकी आखूड ठेवा आणि नोडएमसीयूच्या टोकाला ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर लावा.


काळी_माती
२३ एप्रिल, रात्री १०.२०

डायोड घरातच मिळाला. माळ्यावर जुने सीएफएल दिवे पडून होते, त्यांतील एकाचे बूड उघडले तर आत चार १एन४००७ होते. काचेची नळी फुटू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण तिच्यात पारा असतो.

पहिला दिवा कापला, सांगितल्याप्रमाणे जोडला आणि मुद्दाम रात्रीचा, जवळजवळ संपूर्ण काळा प्रसंग असलेला चित्रपट लावून वडिलांबरोबर दीड तास बसलो. एकही ठिपका चमकला नाही. वडिलांच्या हे लक्षात आले नाही, आणि याहून चांगली पावती मला नको होती.

आता कूलरची अडचण उरली आहे. हल्ली पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कूलर बंद ठेवून टीव्ही पाहणे शक्य नाही. आधी लिहायचे राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. कूलर चालू असताना एचडीएमआय केबलच्या धातूच्या टोकाला किंवा एसएमपीएसच्या पत्र्याला हात लागला तर मुंग्या आल्यासारखा बारीक करंट जाणवतो. कूलर बंद असतानाही किंचित जाणवतो, पण फारच कमी.


मोटारवाला_दारव्हा
२४ एप्रिल, सकाळी ६.५०

भाऊ, मी मोटार रिवाइंडिंगचे काम करतो. एलईडी पट्टीतले मला फारसे कळत नाही, त्यामुळे इतके दिवस नुसते वाचत होतो. पण कालचे तुमचे शेवटचे वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो. आधी त्या कूलरची पिन सॉकेटमधून काढा आणि पुढची तपासणी होईपर्यंत घरातल्या कोणालाही कूलरला हात लावू देऊ नका. पट्टीचे नंतर पाहता येईल.

कारण असे आहे. एसएमपीएसमध्ये फेज व न्यूट्रलपासून पत्र्याकडे लहान कपॅसिटर लावलेले असतात. घराचे अर्थिंग चांगले असेल तर त्यांतून येणारा अगदी बारीक प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर मेनच्या साधारण निम्मे व्होल्टेज दिसते. त्या मुंग्या एरवी त्रासदायक असल्या तरी प्रवाह फार थोडा असतो. कूलर बंद असताना तुम्हाला जे जाणवते ते हेच असावे.

कूलर लावल्यावर मुंग्या वाढतात, हे मात्र साधे नाही. घरातील सर्व तीन पिनांच्या सॉकेटची अर्थ वायर बोर्डात एकत्र येते. ती जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर कूलरच्या ओल्या पंपातून पत्र्यावर उतरलेला करंट त्याच हिरव्या वायरीने तुमच्या एसएमपीएसच्या पत्र्यावर येतो. म्हणजे कूलरचा लोखंडी सांगाडा आणि टीव्हीमागचा पत्रा आज एकमेकांना जोडलेले आहेत, पण जमिनीला नाहीत. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकने माणसे जातात. ओल्या फरशीवर उभे राहून टाकीत पाणी टाकताना हात लागतो आणि सुटत नाही. तुमच्या पट्टीने ही गोष्ट आधी दाखवली, ती दुर्लक्षित करू नका.

गावातील वायरमनला बोलवा. मोरीच्या ओल्या जमिनीत सब्बल ठोकून तिच्यापासून बोर्डाच्या अर्थ वायरीपर्यंत व्होल्टेज मोजायला सांगा. मग अर्थिंगचा खड्डा उघडा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला सोडून मागे सरते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरतेच उरते. आणि एक हात जोडून विनंती: कोणीही सुचवले तरी अर्थ वायर न्यूट्रलला जोडून काम भागवू नका. खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला की घरातील प्रत्येक पत्रा जिवंत होतो.


काळी_माती
२४ एप्रिल, सकाळी ७.१०

पिन काढली आहे. आईला आणि शेजारच्या मुलांनाही सांगितले आहे. वायरमनभाऊ संध्याकाळी येतो म्हणाले.


काळी_माती
२७ एप्रिल, रात्री ९.००

तीन रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून झोपलो, पण जे सापडले ते पाहता त्याचे काही वाटत नाही.

कूलरची पिन काढलेली असताना सब्बल आणि अर्थ वायर यांच्यामध्ये मल्टीमीटरवर १०८ व्होल्ट आले. वायरमनभाऊंनी तिथेच १५ वॅटचा बल्ब लावून पाहिला, तो पेटला नाही आणि मीटरचा आकडा लगेच कोसळला. मग रबरी चप्पल, हातमोजे घालून त्यांनी क्षणभर कूलर सुरू केला. आकडा १७० वर गेला आणि या वेळी बल्बची तार तांबूस झाली. ती तांबूस तार पाहून माझ्या अंगावर काटा आला. याच कूलरमध्ये आई रोज दुपारी बादलीने पाणी टाकते.

खड्डा घराच्या मागे, तुळशीच्या पलीकडे आहे. वर रांजणाचा फुटका तळ पालथा घातलेला होता. माती हाताने बाजूला केली तर पाइपाच्या सभोवती बोट जाईल एवढी फट होती. पाइपाच्या नट-बोल्टाला जी जीआय तार बांधलेली होती, ती वरून शाबूत दिसत होती. चिमटीत धरून थोडी वळवली, तर गंजाचा भुगा हातात आला आणि तार दोन तुकड्यांत सुटली. किती वर्षांपासून ती अशी होती, कोणास ठाऊक.


मोटारवाला_दारव्हा
२७ एप्रिल, रात्री ९.४५

वेळेवर सापडले, बरे झाले. आता नवा पाइप जीआयचा, किमान अडीच मीटर लांबीचा घ्या आणि त्याच्या अंगाला भोके पाडून घ्या. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देत खड्डा भरा आणि वर पाणी टाकण्यासाठी नरसाळे ठेवा. पाइपापासून बोर्डापर्यंत ८ नंबरची जीआय तार किंवा तांब्याची वायर आणा, तिला मध्ये सांधा नको. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा खड्ड्यात बादलीभर पाणी टाका. मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच बसवून घ्या. खर्च वाटेल, पण तो टाळू नका.


परतवाडा_रेडिओ
२७ एप्रिल, रात्री १०.३०

काकांनी सांगितले ते आधी करा. पट्टी का गोठत होती, याचेही उत्तर मला यातच दिसते. एसएमपीएसचे ऋण नोडएमसीयूला, नोडएमसीयू यूएसबीने पायला, पाय कॅप्चर कार्डाने सेट-टॉप बॉक्सला आणि बॉक्स डिशच्या केबलने भिंतीतल्या लोखंडी पाइपाला जोडलेला आहे. पत्र्यावर उतरलेल्या करंटला जमिनीकडे जायला हीच एक वाट मोकळी होती, आणि ती तुमच्या यूएसबीच्या बारीक ग्राउंडमधून जात होती. त्यामुळे यूएसबीची जोडणी तुटत असे.

अर्थिंग झाल्यावरही पाय आणि नोडएमसीयू यांच्यामधली यूएसबी केबल काढून टाका आणि रंगांची माहिती वायफायने पाठवा. ती वाट कायमची बंद होईल. शिवाय यूएसबी केबलवरच्या सिरियल जोडणीच्या १,१५,२०० बॉड (सेकंदाला तितके बिट) या वेगाने १६८ दिव्यांची एक चौकट, म्हणजे एका क्षणाचे सगळे रंग, पाठवायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीसच चौकटी जातात. वायफायवर ही अडचण राहणार नाही.


काळी_माती
४ मे, रात्री ९.५०

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

नवा पाइप, कोळसा, मीठ, अखंड तार आणि आरसीसीबी हे सर्व बसले. त्यानंतर कूलरची पिन लावून बटण दाबताच आरसीसीबी पडला. पंखा वेगळा करून लावला तेव्हा पडला नाही. पंप लावला की पडे. पंप उघडला तर तळाशी प्लॅस्टिकला बारीक चीर होती आणि आत पाणी शिरून तांबे हिरवे झाले होते. नवा पंप घातल्यापासून कूलर दिवस-रात्र चालतो आहे आणि आरसीसीबी एकदाही पडलेला नाही. सब्बल आणि अर्थ वायर यांच्यामध्ये आता १ व्होल्टसुद्धा दिसत नाही. एचडीएमआयच्या टोकाला मुंग्या येत नाहीत.

पट्टी वायफायवर नेली. कूलर चालू असताना सलग सात रात्री ती एकदाही गोठली नाही. रंग चित्रापेक्षा किंचित उशिरा येत असल्यासारखे वाटत होते, तेही हायपेरियनमधील स्मूदिंगचा (रंग हळूहळू बदलण्याचा) कालावधी कमी केल्यावर जाणवेनासे झाले.

दोन किरकोळ गोष्टी सांगायच्या राहिल्या. आमच्या भिंतीला नीळ घातलेला चुना आहे, त्यामुळे पांढरा रंग निळसर दिसत होता. हायपेरियनच्या रंगजुळणीत पांढऱ्यासाठी निळा १६० आणि हिरवा २१० वर आणल्यावर तो डोळ्यांना पांढरा वाटू लागला. आणि पट्टीचा मूळचा चिकट टेप या उन्हात टिकत नाही, दुपारी वरची बाजू सुटून लोंबते. मी अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी टीव्हीच्या मागे स्क्रूने बसवली आणि एलईडी पट्टी तिच्यावर दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधली.

दारव्ह्याच्या काकांना आईने नमस्कार सांगितला आहे.


काटोलची_ताई
५ मे, सकाळी ८.२०

दादा, मीही पट्टी लावते आहे आणि माझ्याकडेही नोडएमसीयूच आहे. डायोडची पांढरी रेघ कोणत्या बाजूला ठेवायची, तेवढे सांगाल का?


काळी_माती
५ मे, सकाळी ८.४५

ताई, रेघेची बाजू कापलेल्या पहिल्या दिव्याच्या धनाला आणि दुसरी बाजू एसएमपीएसकडून येणाऱ्या धनाला जोडा. उलटी जोडली तर पहिला दिवा पेटणार नाही आणि पुढच्या दिव्यांना संकेतही मिळणार नाही, पण काही जळणार नाही. जोडल्यावर पहिल्या दिव्यावर मोजून पाहा. माझ्याकडे ४.३५ व्होल्ट आले. आणि पट्टी चालू करण्याआधी तुमच्या घरचा अर्थिंगचा खड्डा एकदा उघडून पाहा.